आधी पावडर

माझ्या सासूबाई तशा चिडक्या नव्हत्या. दूध उतू गेलं, गिऱ्हाईक वेळ ठरवून आलंच नाही, माझ्या हातून महागातली बाटली फुटली, तरी त्या "असू दे, झालं ते झालं" म्हणत फडकं आणायला जायच्या. पण चेहऱ्यावर आधीचं नंतर आणि नंतरचं आधी लागलं, की त्यांचा पारा चढलाच म्हणून समजा. मग ब्रशची दांडी मनगटावर बसायची. लाडाने वगैरे नाही, चांगली लागायची.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मेकअपमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. घराची पुढची खोली म्हणजेच पार्लर. दोन खुर्च्या, दोन आरसे, आरशांभोवती दिवे, आणि भिंतीलगत एक लांब फळी. सासरे गेल्यावर सासूबाईंनी हे सगळं एका टांगत्या आरशापासून उभं केलं होतं, आणि ते त्या मला दर दोन-चार दिवसांनी ऐकवत. फळीवर बाटल्या, डब्या, ब्रश सगळं कसंही पडलेलं असायचं. मी एकदा आवरायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे तसंच. क्रम फळीवर नसतो, हातात असतो."

माझ्या हातात तो अर्थातच नव्हता. पहिल्याच आठवड्यात एका बाईंच्या चेहऱ्याला मी आधी सेटिंग पावडर लावली. सेटिंग पावडर म्हणजे सगळं झाल्यावर वरून मारायची पावडर, खालचा रंग जागच्या जागी बसवणारी. ती मी पहिल्यांदा थापली आणि वर पातळ फाउंडेशन पसरायला घेतलं. सासूबाई पलीकडच्या खुर्चीपाशी होत्या. तिथूनच ओरडल्या, "आधी कळस, मग पाया! अगं, घर बांधतेस की पाडतेस?"

दोन्ही खुर्च्यांवरची गिऱ्हाइकं खो खो हसली. मी न्हाणीघरात जाऊन रडले. थोड्या वेळाने सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या, तो माझ्या हातात दिला आणि माझा दुसरा हात ओढून त्याच्या पाठीवर पावडर चोळली. मग त्यावर फाउंडेशनचा थेंब टाकून बोटाने पसरला. तो पसरलाच नाही. गुठळ्या झाल्या, मधेमधे कातडी उघडी पडली.

"बघितलंस? ओल्यावर कोरडं बसतं, कोरड्यावर ओलं फाटतं. ही चूक माझ्या पार्लरमध्ये प्रत्येकीला एकदाच माफ असते. तुझी झाली. पी तो चहा, गार होईल."

पुढे मी सगळं शिकले. भुवया कोरायला शिकले, केस कापायला शिकले, नटलेल्या बाईला "छान दिसताय" हे किती वेळाने म्हणायचं तेही शिकले. दोऱ्याने भुवया कोरण्यात तर मी सासूबाईंच्या पुढे गेले, हे त्या स्वतः गिऱ्हाइकांना सांगायच्या. चेहरे मात्र त्यांचेच. चेहरा करायचा म्हटलं की त्या कामात इतक्या बुडून जायच्या, की बोलणाऱ्या बाईसुद्धा आपोआप गप्प बसायच्या. मला ते बघायला फार आवडायचं. आईच्या घरी मला कुणी इतक्या मन लावून काही करताना दिसलं नव्हतं.

तर अशा बाईने एका दुपारी आधी पावडर लावली.

खुर्चीत बातम्यावाली होती. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एका छोट्या वाहिनीचं ऑफिस आहे, तिथे ती संध्याकाळच्या बातम्या वाचते. मुलगी हुशार, आवाज खणखणीत, पण चेहरा तेलकट. दिव्यांखाली बसली की निम्म्या बातम्या होईपर्यंत नाक चमकायला लागायचं. लोक तिला फोनवर काय वाट्टेल ते लिहून पाठवायचे. ऑफिसातल्या मेकअपवाल्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून ती आमच्याकडे यायची.

मी शेजारच्या खुर्चीवर एका कॉलेजच्या मुलीच्या भुवया कोरत होते. दोऱ्याचं एक टोक दातात धरलेलं, दुसरं हातात. दोरा असा ताणलेला असला की तोंडातून 'हं'च्या पुढे काही निघत नाही. समोरच्या आरशात मला सासूबाईंचे हात दिसले. त्यांनी क्रीम लावलं, ते मुरू दिलं, आणि मग फळीवरून पावडरचा गोल डबा उचलला. मोठा ब्रश त्यात फिरवला, झटकला, आणि बातम्यावालीच्या नाकावर, कपाळावर, हनुवटीवर पावडर मारायला लागल्या.

मी "हं! हं!" केलं. त्या मुलीला वाटलं तिलाच काहीतरी सांगतेय, तिने कातडी आणखी ताणून धरली. तोवर सासूबाईंनी फाउंडेशन स्पंजवर घेतलं होतं.

आता फाटणार, असं मनात म्हणत मी आरशात बघत राहिले. पण काही फाटलं नाही. स्पंज टिपत टिपत त्यांनी रंग बसवला आणि तो असा बसला, की जणू मुलगी तसाच चेहरा घेऊन जन्मली होती. संध्याकाळी आम्ही टीव्ही लावला. शेवटची बातमी संपेपर्यंत नाक कोरडं ठणठणीत! दुसऱ्या दिवशी ती जिन्यावरूनच ओरडत आली, "मावशी, जादू केलीत! काय लावलंत काय?"

"आधी पावडर लावली," मी म्हटलं. मला वाटलं सासूबाई पुढचं सांगतील.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चेहरा बघून करावं लागतं ते."

केस झाडून काढताना मी पुन्हा विचारलं, "आई, ही युक्ती तुम्ही मला कधी सांगितली नाहीत."

"आता प्रत्येक गोष्ट तुला विचारून करू का?" त्या एकदम तुटकपणे म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. म्हणजे अजून माझं शिकायचं शिल्लक होतं, आणि शिकवणारी घरातच होती. तेलकट कातडीवर आधी पातळ पावडर मारली की ती वर येणारं तेल पिऊन टाकते, हे मी माझ्यापुरतं जुळवूनही टाकलं. गुरूची चूक दिसली की चेला आधी तिचा अर्थ लावायला बसतो. मी तेच केलं.

बातम्यावालीने फोनवर आमचा व्हिडिओ टाकला. 'माझ्या मावशीची पद्धत' असं काहीतरी नाव दिलं. मग काय विचारता! जिच्यातिच्या तोंडी एकच, "आधी पावडरवाला मेकअप करायचाय." आमच्या ओळखीच्या बायका, त्यांच्या बहिणी, त्यांच्या ऑफिसातल्या मैत्रिणी. माझा नवरा तर हवेतच गेला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर लोकांना चष्मे लावतो, पण घरातलं त्याला सगळ्यात शेवटी दिसतं. त्याने पार्लरच्या काचेच्या दारावर लाल अक्षरं चिकटवून घेतली: आधी पावडर, मग फाउंडेशन, आमची खास पद्धत.

सासूबाई रस्त्यावर उभ्या राहून ती अक्षरं वाचत होत्या. बराच वेळ वाचत होत्या. मी विचारलं, "आवडलं का?" तर म्हणाल्या, "लाल रंग जरा भडक झालाय."

आणि मग त्या सगळ्यांनाच आधी पावडर लावायला लागल्या. लोक त्याच्याचसाठी येत होते, त्यामुळे विचारणार कोण? तरुण मुली होत्या, बऱ्याच जणींची कातडी तेलकट, निभावून जात होतं. मधूनमधून मला त्यांचा हात फळीवर फिरताना दिसायचा. काहीतरी शोधत असल्यासारखा, आणि ते काहीतरी समोरच असायचं. एकदा त्यांनी धुतलेला ब्रश पुन्हा धुतला आणि लगेच तिसऱ्यांदा धुवायला घेतला. मी म्हटलं, "आई, घासून घासून टक्कल पडेल त्याला." त्या हसल्या. मीही हसले.

मग एके दिवशी मुख्याध्यापिकाबाई आल्या. नोकरीतून कधीच्या निवृत्त झालेल्या, नातीच्या लग्नाला जायचं होतं. गोड बाई, पण कातडी अगदी कोरडी, पातळ, सुरकुत्यांनी भरलेली. अशा चेहऱ्याला तर नंतरसुद्धा पावडर जपून लावायची असते. सासूबाईंनी ब्रश भरून पावडर मारली आणि वर फाउंडेशन घेतलं.

ते लगेच फाटलं. जुन्या भिंतीचा रंग सुटावा तसे पोपडे आले. सासूबाईंनी स्पंज जोरात दाबला, तर आणखी गुठळ्या. मग त्यांनी वरून पुन्हा पावडर मारली. मग थांबल्या. स्पंज हातात, आणि आरशातल्या त्या चेहऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. असं का झालं हे त्यांना कळत नव्हतं. बाजारात आईचा हात सुटलेली पोर बघते, तशा बघत होत्या.

त्या क्षणी मला कळलं. चेहरा बघून वगैरे काही नव्हतं. ती युक्ती नव्हतीच कधी. त्या दिवशी हात क्रम विसरला होता, आणि समोर नेमका तेलकट चेहरा होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि आम्ही त्या कावळ्याचं नाव दारावर चिकटवून बसलो.

"आई, आत तुमचा फोन वाजतोय वाटतं," मी म्हटलं.

त्या लगेच गेल्या. फोन वाजत नव्हता, ते त्यांनाही ऐकू येत असणार. मी मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा पुसला, क्रीम मुरवलं, आणि पहिल्यापासून सगळं केलं, जसं मला शिकवलं होतं तसं. बाई आरशातून माझ्याकडे बघत होत्या. जाताना हळूच म्हणाल्या, "सासूबाईंची तब्येत बरी आहे ना गं?"

"अगदी बरी," मी म्हटलं.

त्या दिवशी पार्लर बंद केल्यावर मी फळी आवरली. डावीकडे क्रीम, मग फाउंडेशन, मग स्पंज, मग पावडर आणि तिचा ब्रश, मग गालांची लाली, शेवटी लिपस्टिक. हात विसरला तर निदान डोळ्यांना सापडेल. कुणाला काही बोलायला नको, कुणाचा मान जायला नको. मला वाटलं, मी फार शहाणपणा केला.

सकाळी मी चहा घेऊन पुढे आले तेव्हा सासूबाई फळीपाशी उभ्या होत्या. त्या एकेक बाटली उचलत होत्या आणि कुठेही ठेवत होत्या. पावडर पहिली, क्रीम मधे, लिपस्टिक ब्रशांच्या डब्यात. सगळं पूर्वीसारखं विस्कटून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला काय समजतेस तू?"

मी चहा ठेवला. त्यांनी तो प्यायला नाही.

म्हणजे आपण विसरतोय हे त्यांना माहीत होतं. माझ्याही आधीपासून माहीत होतं. आणि दोघींनाही माहीत असलेली गोष्ट त्या खोलीत दिवसभर दोन खुर्च्यांच्या मधे उभी होती, आणि आम्ही तिला वळसा घालून काम करत होतो. मला त्यांची भीती वाटत नव्हती, त्यांच्यासाठी भीती वाटत होती. त्यांची खुर्ची गेली तर त्यांचं काय उरणार होतं? आणि नाही गेली, तर एक दिवस कुणीतरी बाई भरल्या पार्लरमध्ये त्यांना हसणार होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं माझं.

त्यातच नवरा एक बातमी घेऊन आला. पार्लरवाल्या बायकांचा मेळावा होता, मोठ्या सभागृहात. सासूबाईंनी व्यासपीठावर त्यांची पद्धत करून दाखवायची होती. त्याने आम्हाला न विचारताच हो म्हणून टाकलं होतं.

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. मी त्याला बाहेर पायरीवर नेलं आणि सगळं सांगितलं. बातम्यावालीचं, मुख्याध्यापिकाबाईंचं, फळीचं.

"आई आणि विसरते?" तो हसला. "तिला माझ्या बालवाडीतल्या पोरांची नावं पाठ आहेत."

"ती पाठ असतील. कालचं विचार."

"अगं, वय झालं की होतं थोडंफार. मीपण चावी विसरतो."

"चावी विसरणं वेगळं. इथे त्यांचा हातच विसरतोय."

तो म्हणाला, "खरं सांग. तुला आईची खुर्ची हवीय का?"

हे ऐकायला लागणार म्हणूनच मी इतके दिवस गप्प होते. मुलीने सांगितलं असतं तर काळजी झाली असती, सुनेने सांगितलं की कारस्थान होतं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. पण त्याला तरी किती दोष देऊ? स्वतःची आई हळूहळू निघून चाललीय, हे ऐकण्यापेक्षा बायको वाईट आहे हे मानणं सोपं असतं. मी आत गेले आणि त्याचं ताट वाढलं.

जेवताना त्यानेच विषय काढला. "आई, मेळाव्यात चेहरा कुणाचा करणार? बातम्यावालीला विचारू का? ती आनंदाने येईल."

मी मनात म्हटलं, ती आली तर सुटलो. तेलकट चेहरा, पावडर आधी, टाळ्या, घरी.

"नको," सासूबाई म्हणाल्या. "ही बसेल."

"मी?" माझा घास हातातच राहिला. "आई, माझी कातडी कोरडी आहे."

"मला माहितेय तुझी कातडी कशी आहे ते," त्या म्हणाल्या, आणि पाणी प्यायल्या.

सभागृह खच्चून भरलं होतं. व्यासपीठावर एक खुर्ची, एक टेबल, त्यावर आमचं सगळं सामान आणून मांडलेलं. मांडलेलं कसलं, ओतलेलं. मागे मोठा पडदा होता आणि त्यावर माझा चेहरा भिंतीएवढा. नाकाच्या बाजूची बारीक भेगसुद्धा शेवटच्या रांगेतून दिसली असती. आयोजक बाई सासूबाईंच्या पदराला माइक लावायला आल्या, तर सासूबाईंनी हात बाजूला केला. "तोंड चाललं की हात चुकतो. तुम्हीच बोला."

मग आयोजक बाई बोलत राहिल्या आणि सासूबाईंनी माझा चेहरा पुसला. क्रीम लावलं. त्यांची बोटं गार होती. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या चेहऱ्याला असा हात लावला नव्हता. मनगटावर दांडी बसली होती, पाठीवर थाप बसली होती, पण गालावरून कपाळाकडे जाणारी ही बोटं मी फक्त दुसऱ्या बायकांच्या चेहऱ्यांवर बघितली होती. मला रडू येईल की काय असं वाटायला लागलं, आणि भिंतीएवढ्या चेहऱ्यावर रडून चालणार नव्हतं.

"आणि आता बघा, जिच्यासाठी आपण सगळ्या आलो ती पद्धत!" आयोजक बाई म्हणाल्या. "आधी पावडर!"

सगळ्यांनी फोन वर धरले. सासूबाईंचा हात टेबलावर गेला. बाटलीवरून, स्पंजवरून, डब्यांवरून फिरला. पावडरच्या डब्यापाशी थांबला, पुढे गेला, परत आला. मला वाटलं, ओरडून सांगावं. आणि वाटलं, काही सांगू नये, फाटू दे माझा चेहरा, मी म्हणेन दिवे फार तापले होते.

त्या खाली वाकल्या. माझ्या कानामागचं क्रीम पुसायचं निमित्त केलं. त्यांच्या डोक्याने पडद्यावरचा माझा चेहरा झाकला गेला.

"आधी काय गं?" त्या कुजबुजल्या.

पहिल्या आठवड्यात त्या मला असंच विचारायच्या, आधी काय, मग काय, आणि उत्तर चुकलं की दांडी. पण ही परीक्षा नव्हती. त्यांना खरंच हवं होतं उत्तर.

गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून ओठ न हलवता बोलायची सवय पार्लरवालीला असतेच. "फाउंडेशन, आई," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. तुम्हीच शिकवलंत."

त्या सरळ झाल्या. मला वाटलं आता बाटली उचलतील. त्यांनी आयोजक बाईंच्या हातातला माइक घेतला.

"आधी पावडर ही काही पद्धत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चेहरा करताना असतो तसाच शांत होता. "मी त्या दिवशी विसरले. काय आधी आणि काय नंतर, ते मला आठवलं नाही. त्या मुलीचा चेहरा तेलकट होता म्हणून खपून गेलं. हिचा कोरडा आहे, हिचा फाटेल. मला आजकाल आठवत नाही. म्हणून मी हिला विचारते."

कुणीतरी हसलं, आणि मग सगळ्याच हसल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. "किती साध्या आहेत बघा," आयोजक बाई कौतुकाने म्हणाल्या. "एवढं नाव झालं तरी म्हणतात, विसरले!" पुढच्या रांगेतल्या एकीने शेजारणीला सांगितलं, "म्हणजे कोरड्याला नंतर, तेलकटाला आधी. लक्षात ठेव."

कुणालाच खरं वाटलं नाही. फक्त मागच्या बाजूला माझा नवरा फोनवर सगळं घेत उभा होता, त्याचा हात खाली आला. तो हसला नाही. तो आपल्या आईकडे बघत होता, आणि मग माझ्याकडे.

सासूबाईंनी माइक परत दिला आणि माझ्यावर वाकल्या.

"आता?"

"बाटली. डावीकडची. स्पंजवर घ्या."

घेतलं. आणि एकदा स्पंज हातात आला की त्यांच्या हाताला काही सांगावं लागलं नाही. टिपत टिपत, नाकाच्या कडेने, डोळ्यांखाली, जबड्याखाली असा काही रंग बसवला, की समोरच्या बायका माना पुढे काढून बघायला लागल्या. सांगावं लागत होतं ते फक्त पुढचं.

"आता?"

"आता पावडर. मऊ ब्रश. थोडीच."

"म्हणजे येतेच ती शेवटी," त्या पुटपुटल्या.

"येते की. तिची वेळ झाली की येते."

त्यांना हसू आलं. मलाही येणार होतं, पण गालावर ब्रश होता. मग लाली, मग डोळे, मग ओठ. ओठांच्या वेळी मला बोलता येईना, तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं, आणि मी डोळ्यांनीच लिपस्टिककडे खूण केली. सगळं झालं तरी त्यांचा हात माझ्या गालावरच होता.

"आता?"

"आता झालं, आई."

"झालं?"

"झालं. फार छान झालं."

घरी येताना नवरा गाडी चालवत होता आणि सारखा नाक ओढत होता. घर जवळ आलं तेव्हा सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला का बसवलं, कळलं ना? दुसरी कुणी असती तर तिला विचारता आलं नसतं मला."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडायला गेले तर नवरा बाहेर उभा राहून ब्लेडने काचेवरची लाल अक्षरं खरवडत होता. मला बघून म्हणाला, "माझं चुकलं." मी म्हटलं, "पाणी लाव आधी, नाहीतर काचेवर ओरखडे पडतील." त्याने पाणी लावलं. डॉक्टरकडे आईला तोच घेऊन गेला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्हाला दोघींना माहीतच होतं, आता त्यालाही नीट कळलं.

सासूबाई अजून चेहरे करतात. रोज नाही, पण ज्या दिवशी अंगात उत्साह असतो त्या दिवशी त्यांची खुर्ची त्यांचीच. बातम्यावाली अजून येते, तिला आधी पावडरच लागते, आणि ती मीच मारते. बाकीच्यांच्या वेळी मी शेजारच्या खुर्चीवरून सांगत राहते, फाउंडेशन घ्या, आता पावडर, आता लाली. गिऱ्हाइकांना वाटतं ही आमची बोलायची लकब आहे. एकीने तर मला ऐकवलंही, "सासूला काय शिकवतेस गं, त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय यात." मी म्हटलं, "हो ना, जीभ वळवळते माझी."

फळी मी आता आवरत नाही. बदलली ती दुसरीच गोष्ट. एकदा मी भुवया कोरत होते, दोरा दातात, आणि पलीकडून सासूबाईंनी विचारलं, "आता?" मी "हं" म्हटलं. त्या वाट बघत राहिल्या. क्रीम मुरलेला चेहरा समोर, रिकामा हात फळीच्या वर थांबलेला, आणि डोळे माझ्याकडे. दोरा सोडून उत्तर देईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.

तेव्हापासून मी दोरा दातात धरत नाही, गळ्यात अडकवते. मानेला काचतो, लाल वळही उठतो. पण तोंड मोकळं राहतं.